उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन

आर्किटेक्टच्या ऑफिसातून नकाशांची गुंडाळी घरी येते, जेवणाच्या टेबलावर पसरली जाते आणि घरातली सगळी मंडळी एकाच कागदावर तुटून पडतात. त्या कागदाला म्हणतात 'एलिव्हेशन'. घर बाहेरून कसं दिसणार, ते त्यात असतं. हल्ली त्याच्या जोडीला थ्रीडी चित्रही येतं : निळंशार आकाश, गेटपाशी पांढरी गाडी, भिंतीवर करडी पट्टी, जिन्याला उंच काच. मग चर्चा रंगते. दगडाचं क्लॅडिंग काळं की जांभ्याचं? टेक्स्चर करायचं की साधा रंग? आजीला पिवळा हवा असतो, धाकट्याला ग्रे.

त्याच गुंडाळीत आणखी तीन एलिव्हेशन असतात, घराच्या उरलेल्या तीन बाजूंची. ती सहसा कुणी उघडून बघत नाही, कारण त्या बाजू रस्त्यावरून दिसत नाहीत. पण ऊन-पाऊस कुठे रस्त्यावरून येतात? ते आपापल्या दिशेनं येतात आणि प्रत्येक भिंतीला वेगळे भेटतात. एकाच घराच्या चार भिंती चार वेगळ्या गावांत राहतात म्हटलं तरी चालेल.

सुरुवात उत्तरेच्या भिंतीपासून करू, कारण तिची गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं की सूर्य पूर्वेला उगवतो, दुपारी डोक्यावर येतो आणि पश्चिमेला मावळतो. प्रत्यक्षात पुण्यात तो नेमका डोक्यावर येतो वर्षातून फक्त दोनदा : एकदा मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. त्या दुपारी अंगणात उभा केलेला बांबू काही क्षण आपली सावलीच गमावून बसतो. शाळकरी मुलं हल्ली हा 'शून्य सावलीचा दिवस' हौसेनं साजरा करतात. या दोन दिवसांच्या मधल्या अडीच महिन्यांत मात्र भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! ज्या भिंतीला आपण वर्षभर सावलीतली समजतो, तिच्यावर तेव्हा तिरपं ऊन पडतं. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे कोल्हापूरपासून नंदुरबारपर्यंत हे घडतं, फक्त तारखा मागेपुढे सरकतात. दिल्लीत हे कधीच घडत नाही. तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच राहतो. त्यामुळे दिल्लीकडच्या किंवा परदेशातल्या एखाद्या बंगल्याचं चित्र जसंच्या तसं उचलून साताऱ्यात बांधलं, तर ते घर एका अनोळखी आकाशाखाली येऊन पडतं.

आता दक्षिणेची भिंत. इथे एक साधी गोष्ट जादू करते, तिचं नाव छज्जा. समजा, दक्षिणेच्या खिडकीवर दोन फूट पुढे आलेला छज्जा आहे. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात दुपारचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम अठ्ठेचाळीस अंश वर चढतो. तेव्हा त्या छज्ज्याची सावली भिंतीवर साधारण सव्वादोन फूट उतरते आणि तिच्याखालून थंडीतलं कोवळं ऊन घरात शिरतं. मार्चच्या एकविसाव्या तारखेला तोच सूर्य साडेएकाहत्तर अंशांवर पोचलेला असतो. आता त्याच दोन फुटांच्या छज्ज्याची सावली सहा फूट खाली जाते आणि अख्खी खिडकी झाकते. एप्रिल-मेमध्ये तर ऊन त्या भिंतीला नावापुरतं शिवतं. यंत्र नाही, वीज नाही. काँक्रीटची एक फळी कॅलेंडर वाचते आणि हवं तेव्हा ऊन आत सोडते, नको तेव्हा अडवते.

हाच छज्जा पश्चिमेला लावून बघा. एप्रिलमधल्या संध्याकाळी पाच वाजता सूर्य बरोबर समोर, क्षितिजापासून जेमतेम पंचवीस-सव्वीस अंश वर असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली पडते एक फूट. बाकी सगळी भिंत आणि खिडकी उन्हात. म्हणजे घराच्या चारही बाजूंना शोभेसाठी एकसारखे छज्जे काढले, तर पश्चिमेचा छज्जा नुसता दागिना ठरतो. तिथे आडव्या फळीपेक्षा उभा आडोसा कामाला येतो : जाळी, उभ्या पट्ट्या, वेलाचा मांडव, थोडं अंतर ठेवून लावलेलं कडुनिंबाचं झाड.

पश्चिमेच्या भिंतीचं दुखणं तिथेच संपत नाही. ऊन भिंतीतून आरपार जायला वेळ घेतं. नऊ इंची विटेच्या भिंतीला बाहेरची उष्णता आतल्या बाजूला पोचवायला साधारण सहा-सात तास लागतात. दुपारी चारला तापलेली भिंत रात्री दहा-अकराला आतून गरम लागते. त्या भिंतीला टेकून पलंग असेल, तर आपण फॅन पाचावर करून 'आज फारच उकडतंय' म्हणतो. उकाडा आजचा असतो, पण दुपारचा असतो! जुन्या वाड्यांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती हाच खेळ उलटवतात. तिथे दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत पहाट होते, आणि पहाटेला थोडी ऊब कुणाला नको असते?

भरीस भर म्हणजे आपला पाऊसही पश्चिमेकडूनच येतो. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून थेट याच भिंतीवर आदळतात. कोकणातली जुनी घरं त्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावर चक्क रेनकोट घालतात. नारळाच्या झावळ्या विणून केलेली झापं पडवीला नि भिंतीला बाहेरून बांधली जातात आणि पावसाळा सरला की सोडवली जातात. घराचा बाहेरचा चेहरा ऋतूप्रमाणे बदलतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मुंबईत १९८३ साली पूर्ण झालेली कांचनजंगा ही अठ्ठावीस मजल्यांची इमारत याच प्रश्नाचं उत्तर आहे. तिचे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांच्यापुढचा पेच असा होता की मुंबईत वाऱ्यासाठी आणि समुद्र दिसण्यासाठी घराचं तोंड पश्चिमेला हवं, आणि नेमका तिथूनच दुपारचा जाळ नि पावसाचा मारा येतो. जुन्या बंगल्यांनी यावर भोवताली व्हरांडा फिरवून तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा हवेत उचलला आणि दोन मजले उंचीची गच्चीवरची बाग करून इमारतीच्या कोपऱ्यांत खोल कोरला. दुरून त्या उंच इमारतीत मोठमोठे चौकोनी खळगे दिसतात. ते सुंदर दिसावेत म्हणून कोरलेले नाहीत. ती आपली पडवीच आहे, फक्त आभाळाला लागलेली.

भिंतींचं बोलून झालं, पण सगळ्यांत जास्त ऊन झेलणारी बाजू या चार कागदांपैकी एकावरही धड दिसत नाही. ती म्हणजे छप्पर. आपल्याकडे उन्हाळ्याचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे घराची ही 'पाचवी भिंत' सगळ्यांत जास्त भाजते. गावोगावच्या छपरांनी तिथल्या आभाळाला दिलेली उत्तरं बघावीत. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, म्हणून उतरती कौलं आणि भिंतीपासून लांब पुढे आलेल्या वळचणी. पागोळ्यांचं पाणी भिंतीला न शिवता अंगणात पडतं. सोलापूर-मराठवाड्याकडे पाऊस त्याच्या चौथाई-पाचवा हिस्सा, म्हणून सपाट माळवद : लाकडी तुळयांवर दाटून बसवलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर दुपारचं ऊन रात्रीपर्यंत अडवून धरतो, आणि रात्री त्याच्यावर अंथरूण पडतं. 'मंगलोरी' कौलं ही एकोणिसाव्या शतकातली पाहुणी. बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६० च्या दशकात मंगळूरला कारखाना घातला आणि एकमेकांत अडकणारी ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर इतकी पसरली, की आज कोकणातलं घर डोळ्यांपुढे आणलं तर त्यावर तीच दिसतात.

आता भिंत कशाची, ते बघू. इथे गोष्ट एकदम सहा-साडेसहा कोटी वर्षं मागे जाते. त्या काळात दख्खनमध्ये लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि थंड होऊन काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट झाला. सह्याद्रीचे कडे या पाषाणाचे, वेरूळचं कैलास लेणं याच पाषाणात कोरलेलं, आणि देशावरच्या जुन्या घराचं जोतंही याचंच. जोत्याला काळा दगड घालण्यामागे शहाणपण होतं. विटेच्या बारीक छिद्रांतून जमिनीतली ओल दिव्याच्या वातीतून तेल चढावं तशी वर चढते. घट्ट काळा दगड तिला पायरीवरच थोपवतो. शनिवारवाड्याच्या तटाकडे बघितलंत तर खाली दगड, वर वीट अशीच मांडणी दिसते. १७३० साली पाया घातलेल्या आणि १७३२ साली वास्तुशांत झालेल्या या वाड्याकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मराठी वाडा रस्त्याला पाठ दाखवतो. बाहेरून उंच, जवळजवळ कोरी भिंत, मोजकी तोंडं आणि एक भक्कम दरवाजा. महिरपी, नक्षीदार खांब, सज्जे हे सगळं आतल्या चौकाकडे तोंड करून. त्याचं खरं एलिव्हेशन रस्त्यावरून दिसतच नसे, ते बघायला उंबरा ओलांडावा लागे.

कोकणाचा चिरा हा त्याच काळ्या पाषाणाचा पुनर्जन्म. लक्षावधी वर्षं पाऊस बेसॉल्टवर पडत राहिला. पाण्यानं त्यातला चुना धुऊन नेला, मॅग्नेशियम नेलं, हळूहळू सिलिकाही नेली. मागे राहिलं ते लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. लोखंड हवेत गंजलं आणि लाल झालं. हा आपला जांभा. ज्या पावसापासून घराचं रक्षण करायचं, त्याच पावसानं घराचा दगड घडवला! गोष्ट आणखी पुढे जाते. जमिनीतला ओला जांभा इतका मऊ असतो की तो लोखंडी हत्यारानं कापून काढता येतो, पण हवेत वाळला की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन यानं केरळातल्या अंगाडिपुरमजवळ हा दगड खणताना बघितला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं. 'लेटर' म्हणजे लॅटिनमध्ये वीट. निसर्गानं भट्टीशिवाय भाजलेली वीटच ती! फक्त एक लक्षात ठेवायचं : जांभा सच्छिद्र असतो. उघडा चिरा फार देखणा दिसतो, पण त्याच्यावर लांब वळचण हवीच. ती नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात त्या छिद्रांत शेवाळाचं गाव वसतं.

दगडांना सांधणारा चुना तर त्याहून अजब. चुनखडी साधारण नऊशे अंशांवर भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतले चव्वेचाळीस किलो हवेत उडतात आणि छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो खदखदून फुगतो. मग वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीवर लावला, की तो पुढे वर्षानुवर्षं हवेतून तोच गेलेला वायू परत शोषत राहतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे चुन्याचा गिलावा हा सावकाश दगड होत जाणारा लेप आहे. किल्ल्यांवर ते दगडी वर्तुळ आणि भलंमोठं दगडी चाक बघितलंय ना, बैल जुंपून फिरवायचं? तीच चुन्याची घाणी.

सिमेंटचा स्वभाव वेगळा. जोसेफ अ‍ॅस्पडिन यानं १८२४ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं आणि रंग पोर्टलंडच्या दगडासारखा म्हणून त्याला पोर्टलंड सिमेंट म्हटलं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, अगदी पाण्याखालीसुद्धा. म्हणून तर नव्या बांधकामावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. चुना हवा पितो, सिमेंट पाणी पितं. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिकसारखा रंग दिला, की आतली ओल कोंडते. मग ती क्षार घेऊन रंगामागे साचते, क्षारांचे स्फटिक फुगतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. घर नवं केलं आणि दोन वर्षांत फोड आले, अशी तक्रार असते त्यामागे बहुतेक वेळा भिंतीचा श्वास कोंडलेला असतो.

उरला रंग. चुन्याची सफेदी करताना एक गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली असते : ओला हात मारला की भिंत फिकट, पारदर्शक दिसते, जणू काही लावलंच नाही. तासाभरानं वाळली की लखलखते. असं का? पांढरेपणा हा चुन्याचा रंग नव्हेच. चुन्याचे कण स्वतः जवळजवळ पारदर्शक असतात. कण आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश वाकतो, विखुरतो, परत फिरतो, म्हणून भिंत पांढरी दिसते. कणांमध्ये पाणी भरलेलं असेपर्यंत प्रकाश फारसा वाकत नाही आणि थेट आत शिरतो. पाणी उडालं, हवा आली, की पांढरेपणा उगवतो. आजच्या डब्यातल्या पांढऱ्या रंगात हे काम टायटॅनियम डायऑक्साइड करतो. प्रकाश वाकवण्यात तो हिऱ्यालाही मागे टाकतो, म्हणून त्याचा पातळ थरही ओला असो वा कोरडा, खालचं सगळं झाकतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ साली बेरियम सल्फेट वापरून असा पांढरा रंग केला, जो सूर्यप्रकाशाचा ९८.१ टक्के भाग परत पाठवतो. आपल्या गच्चीवर दिलेला साधा चुन्याचा हातही त्याच कुळातला.

रंग टिकणार किती, याचं उत्तर गावाकडच्या भिंतीवर आहे. पश्चिमेच्या भिंतीवरचे गुलाबी, जांभळे, झगझगीत लाल रंग सगळ्यांत आधी उडतात, कारण उन्हातले अतिनील किरण त्यांतले सेंद्रिय रेणू तोडतात. गेरूचा तांबडा आणि पिवळ्या मातीचा पिवळा मात्र हटत नाही. हे रंग म्हणजे लोखंडाचे गंज. जे आधीच गंजून बसलंय, त्याचं ऊन आणखी काय वाकडं करणार? अजिंठ्याच्या चित्रांतले तांबडे-पिवळे याच मातीचे आहेत.

शेवटी एक इतकी छोटी गोष्ट, की ती कुठल्याच थ्रीडी चित्रात दिसणार नाही. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडं आत, बोटाएवढी लांबट खाच ठेवतात. पाण्याला पृष्ठभागाला चिकटून राहायची सवय असते. छज्ज्यावरून ओघळलेलं पाणी कडेला खाली टपकून पडत नाही. ते खालच्या बाजूला वळतं, छताला उलटं लोंबकळत भिंतीपर्यंत चालत येतं आणि मग भिंतीवरून उतरतं. दोन पावसाळ्यांत त्या वाटेवर शेवाळ येतं, वाळून काळं पडतं, आणि लाखोंचा रंग दिलेल्या घराच्या डोळ्यांखाली काजळ ओघळल्यासारखे पट्टे उमटतात. ती खाच असली की पाण्याला ती ओलांडता येत नाही. तिथेच थेंब होऊन ते जमिनीवर पडतं. गवंड्याचं जेमतेम दिवसाचं काम, आणि घराचा चेहरा वर्षानुवर्षं स्वच्छ.

तेव्हा नवं घर बांधत असाल, तर एलिव्हेशनच्या चित्रावर बोट ठेवण्याआधी एवढं करा. एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळी पाच वाजता मोकळ्या प्लॉटवर जा आणि ऊन कुठून येतंय ते बघा. जुलैमध्ये छत्री घेऊन पुन्हा जा आणि पाऊस कुठल्या बाजूनं झोडपतोय ते बघा. शेजारच्या चाळीस-पन्नास वर्षं जुन्या घराच्या चारही भिंतींना एकदा प्रदक्षिणा घाला. कुठे काळे पट्टे आहेत, कुठे पोपडे, कुठे रंग जसाच्या तसा आहे, ते वहीत टिपा. निवडलेल्या रंगाचा तीन फुटी चौकोन पश्चिमेच्या भिंतीवर देऊन सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा, शेडकार्डावरून ठरवू नका. मग आर्किटेक्टला सांगा, "चारही एलिव्हेशन दाखवा. आणि छज्ज्याला खाच आहे ना?"